नो प्रिंटर अटॅच्ड!

हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी ‘कॉम्प्युटरचा डॉक्टर’ असतो. आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा तो मी. पेनड्राइव्हमधला व्हायरस काढणे, विंडोज टाकून देणे, सबमिशनच्या आदल्या रात्री उडालेली फाईल परत आणणे, वगैरे वगैरे. फी एक कटिंग. केस अवघड असेल तर वडापाव. आता खरं सांगायचं तर यातल्या निम्म्या वेळा मी मशीन बंद करून परत चालू करतो, एवढंच. पण ते करताना चेहरा गंभीर ठेवावा लागतो. डॉक्टरकीत चेहऱ्याला फार महत्त्व आहे.

तर या डॉक्टरने गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, एका जिवंत पेशंटला मृत घोषित केलं. त्याची ही गोष्ट.

हॉस्टेल ऑफिसची खिडकी तुम्हा सर्वांना माहीत आहे. महिन्याच्या एक तारखेनंतर तिथे रांग लागते आणि आतून ‘कर्रर्र... कर्रर्र...’ असा आवाज येत असतो. तो आवाज म्हणजे आमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. अंगावर पांढऱ्या ऑईलपेंटने डेडस्टॉक नंबर आणि खरेदीचं साल लिहिलेलं आहे : १९९४. म्हणजे तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. (डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद आहे म्हणजे वस्तू ‘डेड’ नसते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. असो.)

खिडकीच्या आत काका बसतात. काकांचं आडनाव काय, हे दोन वर्षांत मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. काका मात्र दोनशे बारा पोरांना नावासकट आणि खोली नंबरसकट ओळखतात. कुणाचे वडील मनीऑर्डरीच्या काळातल्यासारखे उशिरा पैसे पाठवतात, कुणी मेस बंद ठेवून टपरीवर जेवतो, सगळं त्यांना ठाऊक.

ऑगस्टच्या मध्यावर ऑफिसचा जुना कॉम्प्युटर गेला. खरोखरच गेला, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून वर आले होते. कॉलेजने लगेच नवा दिला. छोटा, काळा, विंडोज ११ वाला. सगळं चकाचक, फक्त मागच्या बाजूला प्रिंटरची ती जुनी रुंद, पंचवीस भोकांची जागाच नव्हती. काकांनी मला निरोप पाठवला : “जरा बघून जा.”

मी ऐटीत गेलो. म्हटलं, “काका, काही नाही, एक केबल लागेल.” पुण्याचा एक मित्र शनिवारी घरी जाणार होता, त्याला तपकीर गल्लीतून यूएसबी ते पॅरलल केबल आणायला सांगितली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला छत्तीस पिनांचा तो दोन कानांचा कनेक्टर. इथपर्यंत डॉक्टरचं निदान बरोबर होतं.

केबल जोडली. प्रिंटर चालू केला. हेड डावीकडे जाऊन ‘घर्र’ करून थांबलं, दिवे लागले. कॉम्प्युटरने ‘टिंग’ केलं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक ओळ आली :

‘नो प्रिंटर अटॅच्ड.’

समोर टेबलावर पाच-सहा किलोचा प्रिंटर बसलेला, आणि हा म्हणतो प्रिंटर जोडलेलाच नाही! मी केबल काढून परत लावली. दुसऱ्या पोर्टमध्ये लावली. रीस्टार्ट केलं. नेटवर ड्रायव्हर शोधला, मिळाला तो विंडोज एक्सपीचा. मग यादीतून हाताने एक ड्रायव्हर टाकला. पोर्टच्या रकान्यात आपोआप ‘एलपीटी१’ आलं होतं, ते तसंच ठेवलं. टेस्ट पेज सोडलं. रांगेत एक जॉब, मग दोन, मग चार. प्रिंटर गप्प.

ही तारीख मला पक्की आठवते : २६ ऑगस्ट, हरतालिका. दुसऱ्या दिवशी गणपती, आणि माझी गावाची एसटी साडेचारला. घड्याळात पावणेचार. मी चेहरा गंभीर केला आणि म्हणालो, “काका, गेला हा. तीस वर्षं झाली, आता काही राम राहिला नाही त्याच्यात.”

काका म्हणाले, “अरे, पण आवाज तर करतोय.”

“आवाज करणं वेगळं आणि चालणं वेगळं, काका.”

हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने बोललोय. इथे छापून येतंय, तेवढीच शिक्षा.

काकांनी पुढे वाद घातला नाही. कॉम्प्युटरच्या ‘शिकणाऱ्या’ पोराने सांगितलं म्हणजे खरं असणार. त्यांनी रेक्टर सरांना तसं कळवलं, आणि प्रिंटरचा नंबर निर्लेखनाच्या यादीत, म्हणजे भंगाराच्या वाटेवर, चढला. मी एसटीत चढलो.

७ सप्टेंबरला परत आलो तर माझ्या दारात मेसचं बिल सरकवलेलं. हाताने लिहिलेलं. निळ्या कार्बनचं. मला वाटलं माझं एकट्याचंच असेल. नाही! सगळ्यांची तशीच. आमची बिलं तीन प्रतींत असतात : पांढरी मुलाला, गुलाबी ऑफिसला, पिवळी मेसवाल्याला. नंतर कळलं की मी घरी मोदकांवर आडवा हात मारत होतो तेव्हा काकांनी तीन दिवस, संध्याकाळी घरी न जाता, दोनशे बारा बिलं कार्बन घालून लिहिली. तिसऱ्या प्रतीवर उमटावं म्हणून पेन दाबून दाबून.

तुम्ही म्हणाल, लेझर प्रिंटर नाही का सरांच्या केबिनमध्ये? आहे. पण लेझर प्रिंटर कागदाला ठोकत नाही, टोनरची पूड चिकटवतो. त्याच्याने एका वेळी एकच प्रत निघते. डॉट मॅट्रिक्सच्या हेडमध्ये नऊ बारीक सुया असतात, त्या रिबनवर प्रत्यक्ष आदळतात, म्हणून खालच्या प्रतीही एकाच फटक्यात उमटतात. शिवाय वर मराठीत कॉलेजचं नाव छापलेल्या, कडेला भोकं असलेल्या त्या सलग कागदाची दोन खोकी कपाटात पडून होती. ती लेझरला चालत नाहीत.

आणि मग व्हायचं तेच झालं. हाताने लिहिताना १ आणि ९ सारखे झाले, पिवळ्या प्रतीवर तर काहीच धड दिसेना. २,९१० चे कुठे २,९९० झाले. मेसवाल्याचा हिशेब एक, ऑफिसचा दुसरा. परीक्षा फॉर्मसाठी ‘नो ड्यूज’ लागतं, त्यामुळे ज्यांचा आकडा जुळेना त्यांचे फॉर्म अडकले. खिडकीपाशी आवाज चढायला लागले. माझ्यापुढे एकजण काकांना म्हणाला, “एवढी बिलं साधी नीट लिहिता येत नाहीत?” काका चष्मा कपाळावर सरकवून त्याचं बिल पुन्हा पुन्हा बघत होते. कुणाला काही उलट बोलले नाहीत. मीही त्याच रांगेत उभा होतो. मीही काही बोललो नाही.

त्या रात्री मायक्रोप्रोसेसरचं जर्नल पूर्ण करत होतो. पूर्ण करत होतो म्हणजे रूममेटचं छापत होतो. प्रयोग : ८२५५ वापरून प्रिंटर इंटरफेस. ही आकृती आपण सगळ्यांनी काढलेली आहे, आणि सगळ्यांनी न समजता काढलेली आहे. आठ डेटा लाईन. एक स्ट्रोब : ‘डेटा ठेवलाय, उचल.’ प्रिंटरकडून परत येणाऱ्या पाच लाईन : बिझी म्हणजे ‘थांब, कामात आहे’; अॅकनॉलेज म्हणजे ‘मिळालं’; कागद संपला; सिलेक्ट म्हणजे ‘मी तयार आहे’; आणि एरर म्हणजे ‘काहीतरी बिघडलंय’.

बाण काढता काढता मी थांबलो. यात नाव सांगायची लाईन कुठाय?

नाहीच! तो बिचारा ‘थांब’, ‘मिळालं’, ‘कागद घाला’ एवढंच बोलू शकतो. ‘मी अमुक कंपनीचा तमुक प्रिंटर’ हे सांगायची सोयच त्या जुन्या जोडणीत नव्हती. याच तारांवरून प्रिंटरला आपली ओळख परत पाठवता येईल असं प्रमाण, आयईईई १२८४, हे १९९४ मध्ये आलं. आणि आमचा प्रिंटर १९९४ मध्ये खोक्यातून बाहेर पडला होता, म्हणजे डिझाईन त्याच्याही आधीचं. यूएसबीचा कारभार वेगळा. ती १९९६ मध्ये आली, आणि तिच्यात आत शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी नाव-गाव सांगावं लागतं : कंपनीचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, प्रकार कोणता. आमच्या केबलमधल्या चिपने ते इमानदारीने सांगितलं : ‘मी प्रिंटर प्रकारातली वस्तू.’ विंडोजने विचारलं, ‘ठीक, पण मागे कोण आहे?’ चिपने प्रिंटरला विचारलं, आणि प्रिंटरला तो प्रश्नच समजला नाही. म्हणून ‘नो प्रिंटर अटॅच्ड’.

म्हणजे नव्या कॉम्प्युटरने प्रिंटरला ओळखलं नाही, हे खरं. पण जुन्याने तरी कुठे ओळखलं होतं? कधीतरी कुणीतरी माणसाने यादीतून त्याचं नाव हाताने निवडून दिलं होतं, एवढंच. पुढची सगळी वर्षं तो कॉम्प्युटर त्या सांगीव माहितीवर बिनबोभाट काम करत राहिला.

सकाळी पहिलं लेक्चर बुडवून ऑफिसात गेलो. प्रिंटर कोपऱ्यात, भंगाराच्या खुर्च्यांवर उलटा ठेवलेला. काकांना म्हटलं, “एकदा परत बघू का?” त्यांनी नुसतं ‘बघ’ म्हणून मान हलवली.

केबल लावलीच नाही. नुसता विजेला जोडला, कागद घातला, एलएफचं बटण दाबून धरलं आणि तसंच धरून पॉवर चालू केली. याला सेल्फ टेस्ट म्हणतात. आदल्या रात्री वाचून काढलं होतं. दोन सेकंद काही नाही. मग हेड धावत सुटलं : कर्रर्र! उद्गारचिन्ह, अवतरण, आकडे, ए बी सी डी, पुढच्या ओळीत तेच सगळं एक घर सरकवून, परत एक घर सरकवून... ऑफिसभर आवाज. शिपाईमामा चहा घेऊन दारातच थांबले.

मृत माणूस उठून बसला होता.

मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, “हे तर सर्व्हिसवाला यायचा तेव्हा पहिल्यांदा हेच करायचा. बटण दाबून. मला वाटलं तू त्या दिवशी केलं असशील.”

एक मिनिटाचं काम. कॉम्प्युटर नको, केबल नको, ड्रायव्हर नको. काकांना ते माहीत होतं, आणि मी डॉक्टर म्हणून आलो होतो म्हणून ते गप्प बसले होते. खूप वेळ मला काही सुचलंच नाही. मग म्हटलं, “काका, चूक झाली माझी. मी नीट न बघता गेला म्हणून सांगितलं. तुम्हाला एवढं लिहावं लागलं...”

“चहा घे,” काका म्हणाले. “आणि ते आधी सरांना सांग. यादी पुढे गेली तर उचलून नेतील.”

रेक्टर सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “लेखी दे.” मग मी आयुष्यातला सर्वांत विचित्र अर्ज लिहिला. विषय : डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सुस्थितीत असल्याबाबत. मजकूर : ‘दिनांक २६ ऑगस्ट रोजी मी केलेली तपासणी अपुरी होती.’ सरांनी वाचून ‘अपुरी’खाली लाल रेघ मारली, हसले, आणि सही केली. ती यादी अजून त्यांच्याच टेबलावर होती. नशीब!

पुढची दुरुस्ती अर्ध्या तासात व्हायला हवी होती. चार दिवस लागले. जे अडकलेत त्यांच्या उपयोगाचं म्हणून सांगतो. ‘नो प्रिंटर अटॅच्ड’कडे सरळ दुर्लक्ष करायचं. त्याच डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबीच्या यादीत ‘यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट’ अशी ओळ दिसते का ते बघायचं. दिसली म्हणजे विंडोजने गुपचूप एक नवा पोर्ट तयार केलाय, बहुतेक ‘यूएसबी००१’ नावाचा. प्रिंटर हाताने जोडताना पोर्टच्या रकान्यात तो निवडायचा. मी ठेवलेला एलपीटी१ हा नुसता नावाला असतो. मशीनला तशी जागा असो वा नसो, यादीत तो पहिला येतो. माझे चार टेस्ट पेज त्या नसलेल्या दारातून बाहेर पडायची वाट बघत बसले होते. आणि नेमका ड्रायव्हर नसेल तर उत्पादकांच्या यादीत ‘जेनेरिक’ आणि त्यात ‘टेक्स्ट ओन्ली’. तो चित्रं काढत नाही, मराठी छापत नाही, फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे जसेच्या तसे पाठवतो. आमच्या बिलावर मराठी आधीच छापलेलं असतं. आत फक्त नाव, खोली आणि रक्कम पडायची. चालतंय की!

नोटपॅडमध्ये काकांनी स्वतः ‘टेस्ट’ टाईप केलं आणि प्रिंट दिलं. आलं.

बिलं मात्र सरळ येईनात. एक्सेलमधून दिली की प्रत्येक पानाला कागद भलतीकडेच पुढे पळायचा. आमचं एक बिल सहा इंच उंच, इंचात सहा ओळी, म्हणजे बरोबर छत्तीस ओळी. एक ओळ जरी इकडे-तिकडे झाली तरी प्रत्येक बिलागणिक ती साठत जाते. दहाव्या बिलापर्यंत रक्कम खोली नंबरच्या चौकटीत जाऊन बसते. खोली क्रमांक २९१०! म्हणून माझ्या लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो एक्सेलच्या यादीतून साधी टेक्स्ट फाईल बनवतो, प्रत्येक बिलाला मोजून छत्तीस ओळी. ती फाईल शेअर केलेल्या प्रिंटरवर कॉपी कमांडने थेट पाठवायची.

पाठवली, तर कागदावर जिना! पहिली ओळ डावीकडे, दुसरी जिथे पहिली संपली तिथून, तिसरी त्याच्याही पुढे, आणि मग उजवीकडच्या काठावर सगळा चिवडा. मी परत ड्रायव्हर, पोर्ट, केबल उपसायला बसलो. एक तास गेला. काका मागे उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, “हा कागद वर घेतोय, पण गाडा मागे नेत नाहीये.”

“म्हणजे?”

काका उठून उभे राहिले आणि हवेत टाईपरायटर चालवून दाखवला. तरुणपणी त्यांनी मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसची परीक्षा दिलेली. “ओळ संपली की आपण हा दांडा ढकलतो. त्याने कामं दोन होतात. कागद एक ओळ वर सरकतो आणि गाडा सुरुवातीला येतो. तुझा एकच करतोय.”

माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. माझ्या लॅपटॉपवर उबंटू आहे. त्यात ओळीच्या शेवटी एकच खूण असते, कोड १०, लाईन फीड : कागद वर. विंडोजमध्ये दोन असतात, १३ आणि १०. तेरा म्हणजे कॅरेज रिटर्न, शब्दशः ‘गाडा मागे’. आमच्या प्रिंटरला दोन्ही वेगवेगळं सांगावं लागतं. प्रोग्रॅममध्ये एका ठिकाणी बदल केला. जिना गेला.

तीन वर्षं मी प्रोग्रॅममध्ये हे ‘बॅकस्लॅश आर, बॅकस्लॅश एन’ लिहितोय. आर म्हणजे कोण, हे मला त्या दिवशी ऑफिसात कळलं.

सप्टेंबरची बिलं १ ऑक्टोबरला निघाली. त्या आधी ऑगस्टचीही पुन्हा काढली, सगळी, म्हणजे ज्यांचे आकडे जुळत नव्हते त्यांचा घोळ मिटला आणि फॉर्म सुटले. कागदाची ती लांबलचक पट्टी घडी पडत पडत खाली खोक्यात जात होती. काका खुर्चीवर आणि मी जमिनीवर बसून बिलं फाडत होतो; कडेच्या भोकाभोकांच्या पट्ट्या वेगळ्या, पांढरी-गुलाबी-पिवळी वेगळी. पिवळ्या प्रतीवरसुद्धा १ म्हणजे १ आणि ९ म्हणजे ९. त्याचवेळी मी त्यांना आडनाव विचारलं. ते माझ्याकडे बघत म्हणाले, “खिडकीवर पाटी आहे की रे.” खरंच होती. लाकडी, पितळी अक्षरांची.

येत्या मे महिन्यात काका रिटायर होतायत. त्यांच्या जागी कोण येणार ते अजून ठरलेलं नाही, म्हणून त्यांनी प्रिंटरच्या झाकणावर एक कागद चिकटवलाय. त्याच प्रिंटरवर छापलेला, त्यामुळे इंग्रजी लिपीत, भाषा मराठी. पोर्ट यूएसबी००१ ठेवावा, एलपीटी१ नको. कॉम्प्युटर ‘प्रिंटर नाही’ म्हणाला तरी घाबरू नये. आधी बटण दाबून सेल्फ टेस्ट घ्यावी. कागद छत्तीस ओळींचा. आणि सगळ्यात शेवटी : अडचण आल्यास खोली क्र. ४७.

खोली ४७ म्हणजे मी. मी जूनमध्ये फायनल इयरच्या विंगमध्ये जाणार आहे, तेव्हा तेवढा एक आकडा बदलून कागद पुन्हा छापावा लागेल.